शाखा क्रमांक 010: जेसन फाइल बॅशच्या व्हेरिएबलमध्ये उतरवताना चुकलेला हिशेब

पार्श्वभूमी

हे प्रकरण पालघर जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेतील आहे. संस्थेचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ज्यावरून ओळख पटू शकेल असे तपशील बदललेले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच लिहिला आहे. स्क्रिप्ट दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे आले होते.

संस्थेचा मुख्य व्यवहार पिग्मीचा. प्रतिनिधी दिवसभर बाजारात, मासळीच्या लिलावाच्या जागी आणि वाड्यावाड्यांत फिरून खातेदारांकडून पन्नास, शंभर, दोनशे रुपये गोळा करतात, हातातील यंत्रावर नोंद करून छापील पावती देतात, आणि संध्याकाळी ते यंत्र शाखेत जोडले की दिवसभराच्या नोंदी पुरवठादाराच्या सर्व्हरवर जातात. रात्री तिथून जेसन स्वरूपाची (रकान्याचे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत साध्या मजकुरात लिहिलेली) एक फाइल संस्थेच्या सर्व्हरवर येते. प्रत्येक नोंदीत शाखा क्रमांक, खाते क्रमांक, खातेदाराचे नाव, मोबाइल क्रमांक, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि नोंद रद्द झाली आहे की नाही हे सांगणारा एक रकाना, अशी सात अंगे असतात. सर्व्हरवरील बॅश स्क्रिप्ट (बॅश या लिनक्सवरील आज्ञाभाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम) ही फाइल वाचून किर्दीत नोंदी घाली, शाखावार बेरीज काढी आणि खातेदारांना एसएमएस पाठवी. सर्व्हर सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीचा होता, म्हणजे बॅशची आवृत्ती 4.2.

ही स्क्रिप्ट अनेक वर्षे बिनतक्रार चालली होती. ती लिहिणाऱ्याने जेसन वाचण्यासाठी कोणतेही खास साधन घेतले नव्हते. सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या चार-पाच आज्ञांनी कंस आणि दुहेरी अवतरणे काढून प्रत्येक नोंदीची एक ओळ करायची, त्या ओळीला ‘नाव बरोबर, एकेरी अवतरणात किंमत’ असे रूप द्यायचे आणि मग ती ओळ इव्हॅल या आज्ञेला द्यायची, अशी रचना होती. इव्हॅल तो मजकूर जणू स्क्रिप्टमध्येच लिहिलेला आहे असे मानून चालवते, त्यामुळे सातही व्हेरिएबल (किंमत साठवण्याच्या, नाव दिलेल्या जागा) एका झटक्यात भरली जात. ही युक्ती आजही अनेक ठिकाणी दिसते. तिचे आकर्षण मला समजते, कारण काम चार ओळींत होते आणि पहिल्या दिवशी अगदी बरोबर होते.

अडचण कशी समोर आली

2023 च्या पावसाळ्याआधी संस्थेने वसईच्या किनारपट्टीवर आठवी शाखा उघडली. दीड-दोन महिन्यांनी त्या शाखेतील एक खातेदार, व्यवसायाने मासळी विकणाऱ्या, हातात पावत्यांचा जुडगा घेऊन काउंटरवर आल्या. ‘पावती दर वेळी मिळते, पण मेसेज एकदाही आला नाही. पैसे जमा होतात ना?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. शाखा व्यवस्थापकांनी खाते उघडून पाहिले, तर त्यात उद्घाटनाच्या दिवशी काउंटरवर भरलेली रक्कम सोडून काहीच नव्हते. शाखेचा ताळा मात्र बहुतेक दिवशी जुळलेला होता.

पैसे आले, पावती निघाली, बेरीज जुळली आणि तरीही खात्यात जमा नाही, हे कोडे सोडवायला आम्हाला पूर्ण एक दिवस लागला. उत्तर त्या बाईंच्या आडनावात होते. त्यांचे आडनाव डि'सोझा, आणि ते ओळखपत्रावर आहे तसेच, मधल्या एकेरी चिन्हासह, यंत्रात भरले गेले होते. सेडने तयार केलेल्या ओळीत नाव एकेरी अवतरणांत बसवले जाई. आडनावातील चिन्हाने ते अवतरण मध्येच बंद केले, पुढचे सगळे एका घराने सरकले आणि ओळीच्या शेवटी एक अवतरण उघडेच राहिले. बॅशने व्याकरणाची चूक सांगून ती संपूर्ण ओळ नाकारली.

खरे नुकसान याच्या पुढच्या पायरीवर झाले. इव्हॅल फसल्यावर स्क्रिप्ट थांबत नव्हती, ती पुढच्या आज्ञेकडे जात होती. आणि व्हेरिएबलमध्ये काय होते? आधीच्या फेरीत भरलेल्या किमती. म्हणजे डि'सोझाबाईंच्या आधी ज्या खातेदाराची नोंद होती, त्याचीच नोंद त्याच व्यवहार क्रमांकासह किर्दीत दुसऱ्यांदा पडत होती. पिग्मीत बहुतेक जण शंभराचीच नोट देतात. एका शंभराच्या जागी दुसरे शंभर मोजले गेल्याने बेरीज जुळत राहिली. ज्या दिवशी रकमा वेगळ्या होत्या त्या दिवशीचा फरक शाखेने ‘यंत्र उशिरा जोडले गेले’ या नेहमीच्या कारणाखाली टाकला होता. चूक झाल्याचा संदेश लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदवहीत, रोज पडत होता, परंतु तो लॉग कोणी उघडत नव्हते.

शोध घेताना दुसरा दोष हाती लागला, आणि तो मला अधिक अस्वस्थ करून गेला. नव्या शाखेला खरे तर 008 हा क्रमांक मिळायला हवा होता. उद्घाटनाच्या आदल्या रात्री चाचणी घेतली तेव्हा स्क्रिप्ट शाखावार बेरजेच्या जागी अडली, 009 घेऊन पाहिले तरी अडली, आणि 010 घेतल्यावर मात्र चालली. म्हणून घाईघाईत शाखेला 010 क्रमांक देण्यात आला. बॅश गणिताच्या जागी शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावर, वाचते. ही सी या प्रोग्रामिंग भाषेकडून आलेली जुनी रीत आहे. 001 ते 007 पर्यंत अष्टमान आणि दशमान सारखेच, म्हणून सात शाखा असेपर्यंत कोणालाच काही जाणवले नाही. अष्टमानात 8 आणि 9 हे अंकच नसल्याने 008 आणि 009 ला स्क्रिप्टने नकार दिला, आणि 010 चा अर्थ मुकाट्याने आठ असा घेतला. अहवालात ‘शाखा 8’ छापून येत होते. शाखा आठवीच असल्यामुळे ते सर्वांना स्वाभाविक वाटले.

पुढे बारावा क्रमांक दिला गेला असता तर त्या शाखेची जमा अहवालात ‘शाखा 10’ या नावाने, म्हणजे याच शाखेच्या क्रमांकाखाली, दिसली असती.

विचारात घेतलेले पर्याय

संस्थेच्या कार्यालयातून पहिली सूचना आली ती नावातील चिन्ह काढून टाकण्याची. यंत्रातच ते टंकता येऊ नये अशी सोय करा, म्हणजे प्रश्न मिटला, असे सांगण्यात आले. आम्ही याला स्पष्ट विरोध केला. वसई आणि गोव्याकडच्या कितीतरी कुटुंबांच्या आडनावांत हे चिन्ह असते. ओळखपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच हवे. आणि माणसाने आपले नाव स्क्रिप्टच्या सोयीने लिहावे ही अपेक्षाच गैर आहे. शाखेचा क्रमांक बदलताना हीच चूक आधी एकदा झाली होती: कोड चुकला आणि बदलली माहिती.

दुसरा पर्याय सेडमध्ये आणखी एक आज्ञा घालून एकेरी चिन्हाला संरक्षण देण्याचा होता. तो दहा मिनिटांत झाला असता. पण जेसनमध्ये अवतरणातील अवतरण, ओळ बदलणारे चिन्ह आणि युनिकोडचे संकेत या सगळ्यांचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते नियम सेडला ठाऊक नसतात. पुरवठादाराने पुढच्या आवृत्तीत नावे देवनागरीत येतील असे आधीच कळवले होते. ‘वसंत’ हे नाव जेसन फाइलमध्ये चार संकेतांच्या रूपातही येऊ शकते: प्रत्येक अक्षराआधी तिरकी रेघ आणि यू, आणि पुढे 0935, 0938, 0902, 0924. जेसन जाणणारे कोणतेही साधन त्याचे ‘वसंत’ करून देते. सेडने मात्र ते संकेत जसेच्या तसे खातेदाराच्या मोबाइलवर पाठवले असते.

इव्हॅल ठेवण्यात सुरक्षिततेचा प्रश्नही होता, आणि तो आम्ही संचालकांसमोर वेगळा मांडला. नावात एकच चिन्ह असेल तर ओळ नाकारली जाते. पण कोणी दोन चिन्हे विचारपूर्वक घातली तर त्यांच्या मधला मजकूर आज्ञा म्हणून चालतो. म्हणजे हातातील यंत्रावर नाव टंकू शकणारी कोणतीही व्यक्ती संस्थेच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकत होती. असे कोणी केल्याचे आढळले नाही. परंतु सप्टेंबर 2014 मध्ये उघड झालेल्या शेलशॉक या बॅशमधील दोषाचे मूळही असेच होते, की बाहेरून आलेल्या मजकुराला माहिती न मानता आज्ञा मानले गेले.

तिसरा पर्याय जेसन वाचणाऱ्या जेक्यू या साधनाचा. त्यात पुन्हा दोन वाटा होत्या. जेक्यूकडून शेलसाठी, म्हणजे इथे बॅशसाठी, सुरक्षित अवतरणे लावून घ्यायची आणि मग इव्हॅल करायचे, ही पहिली वाट. ती सेडपेक्षा नक्कीच बरी, कारण एकेरी चिन्ह ती बरोबर हाताळते, मात्र व्हेरिएबलची नावे स्क्रिप्टने ठरवलेली असली पाहिजेत. ती जर फाइलमधल्या किल्ल्यांवरून, म्हणजे रकान्यांच्या नावांवरून, घेतली, तर पाथ नावाची एखादी किल्ली सर्व्हरचे आज्ञा शोधण्याचे मार्गच पुसून टाकू शकते. दुसरी वाट इव्हॅल पूर्णपणे सोडण्याची: जेक्यूने प्रत्येक नोंदीची एक ओळ करायची, रकान्यांमध्ये टॅब ठेवायचा, आणि बॅशच्या रीड आज्ञेने सात व्हेरिएबल भरायची.

चौथा पर्याय म्हणजे वाचनाचा आणि तपासणीचा सगळा भाग पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिणे. जेसन वाचण्याची सोय पायथनच्या 2.6 या आवृत्तीपासून, म्हणजे 2008 पासून, मूळ संचातच आहे, आणि सेंटओएस 7 वर पायथन 3.6 बसवता येत होते. याला विरोध होता तो माझ्या सहकाऱ्याचा, आणि त्याचे कारण योग्य होते. रात्रीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला बॅश येत होते, पायथन येत नव्हते; रात्री अकराला काही अडले तर त्याला निदान स्क्रिप्ट वाचता तरी आली पाहिजे.

काय केले

त्याच संध्याकाळी आम्ही दोन तातडीचे बदल केले. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सातही व्हेरिएबल रिकामी करायची, आणि इव्हॅल फसले की स्क्रिप्ट तिथेच थांबवायची. त्या रात्री स्क्रिप्ट थांबली, डि'सोझा आडनावाच्या पहिल्याच नोंदीवर, आणि उरलेल्या नोंदी कर्मचाऱ्याने हाताने घातल्या. त्याला त्रास झाला, पण खोटी नोंद पडली नाही.

नंतर सहकाऱ्याच्या मताला मान देऊन जेक्यू 1.6 आणि रीड ही वाट घेतली. नवी स्क्रिप्ट लगेच कामाला न लावता दहा रात्री जुनीच्या शेजारी चालवली आणि दोन्हींचे निकाल ओळीला ओळ लावून पाहिले. या समांतर चाचणीनेच आम्हाला वाचवले.

पहिल्याच रात्री एका खातेदाराची जमा अठरा अंकी दिसली. त्यांचा मोबाइल क्रमांक रिकामा होता. टॅब हे बॅशच्या दृष्टीने रिकाम्या जागेसारखे चिन्ह आहे, आणि विभाजक म्हणून ते दिले तरी लागोपाठ आलेले दोन टॅब रीड एकच समजते. मोबाइलचा रिकामा रकाना त्यामुळे नाहीसा झाला, रक्कम मोबाइलच्या जागी गेली आणि व्यवहार क्रमांक रकमेच्या जागी आला. कागदावर पाहिले तर ओळीत काहीच चूक नव्हती. दोन टॅब डोळ्यांना दिसत होते, फक्त रीडला दिसत नव्हते. आम्ही टॅबच्या जागी आस्की या चिन्हांच्या तक्त्यातील 31 क्रमांकाचे चिन्ह घेतले. ते मुळात रकाने वेगळे करण्यासाठीच ठेवलेले आहे आणि रिकाम्या जागेत मोडत नाही, म्हणून रिकामा रकाना रिकामाच राहतो. बॅश 4.4 असते तर शून्य क्रमांकाच्या चिन्हावर तोडून थेट अ‍ॅरे (अनेक किमतींची यादी) भरता आला असता, 4.2 मध्ये ती सोय नव्हती.

शाखावार बेरजेसाठी साध्या अ‍ॅरेऐवजी डिक्लेअर ही आज्ञा वापरून नावांनी ओळखला जाणारा अ‍ॅरे घेतला. त्यात 010 ही किल्ली 010 च राहते, कारण तिथे गणित होत नाही.

चौथ्या रात्री व्यवहार क्रमांक जुळेनात. पुरवठादार ते अवतरणाशिवाय, म्हणजे जेसनमधील संख्या म्हणून, पाठवत होता. जेक्यू 1.6 प्रत्येक संख्या दुहेरी अचूकतेच्या दशांश रूपात, म्हणजे ठरावीक बिटांत मावेल एवढ्याच अचूकतेने, साठवते, आणि त्या रूपात 9007199254740992 पर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक राहतात. त्याच्या पुढची, 3 ने संपणारी, संख्या दिली तर परत मिळते ती 2 ने संपणारी. आमचे क्रमांक अठरा अंकी असल्याने शेवटचे अंक बदलून येत होते. याला जेक्यूचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल: जेसनचे नियम सांगणाऱ्या डिसेंबर 2017 च्या आरएफसी 8259 या दस्तऐवजातच सांगितले आहे की या मर्यादेपलीकडच्या पूर्णांकांवर सर्व साधनांचे एकमत होईल असे धरता येत नाही. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या जेक्यू 1.7 ने न बदललेली संख्या जशीच्या तशी पुढे देण्याची सोय केली, पण आमची चाचणी त्याआधीची होती.

इथे आमच्या दोघांचे एकमत झाले. वाचन आणि तपासणी पायथनमध्ये गेली. फाइल आणणे, प्रत ठेवणे आणि एसएमएस पाठवणे बॅशमध्येच राहिले. पायथनचा पूर्णांक कितीही अंकांचा असू शकतो, म्हणून व्यवहार क्रमांक टिकले. रक्कम वाचताना साध्या दशांशाऐवजी डेसिमल हा दहाच्या पायावर अचूक हिशेब ठेवणारा प्रकार मागून घेतला, कारण साध्या दशांशात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते आणि पैशाच्या कामात ते चालत नाही. शाखा आणि खाते क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवले. प्रत्येक नोंदीसाठी किमतींचा नवा, स्वतंत्र संच तयार होतो, त्यामुळे मागच्या नोंदीची किंमत पुढे रेंगाळण्याची जागाच उरली नाही. एखादी किल्ली नसली किंवा रक्कम वाचता आली नाही, तर ती नोंद ‘अडलेल्या नोंदी’ या वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि सकाळी ती यादी शाखा व्यवस्थापकांच्या टेबलावर असते.

पायथननेही एकदा फसवले, हे नोंदवले पाहिजे. काही जुनी यंत्रे रद्दच्या रकान्यात खरे-खोटेचे मूल्य न पाठवता ‘फॉल्स’ हा शब्द अवतरणात पाठवत. पायथनमध्ये रिकामा नसलेला कोणताही मजकूर अटीत खरा धरला जातो, म्हणून त्या यंत्रांच्या सगळ्या नोंदी रद्द ठरल्या. समांतर चाचणीतच ते सापडले आणि त्या रकान्यासाठी चालणारी मूल्ये नावाने लिहून ठेवण्यात आली.

परिणाम

जुन्या सर्व फाइली नव्या स्क्रिप्टमधून पुन्हा वाचून किर्दीशी ताडल्या. ज्या खातेदारांच्या नोंदी हरवल्या होत्या त्यांची जमा मूळ तारखेने दाखवून त्यावरचे व्याज दिले गेले, आणि ज्यांच्या खात्यात दुबार पडली होती तिथे उलट नोंद केली गेली. या दुसऱ्या गटाला आधी पत्राने कळवून मगच नोंद करावी, असा आग्रह शाखा व्यवस्थापकांनी धरला. आपल्या खात्यातून पैसे कमी झालेले माणसाने मेसेजवरून समजून घेणे बरे नव्हे, हे त्यांचे म्हणणे आम्हा संगणकवाल्यांना सुचले नव्हते. मासळी विकणाऱ्या त्या बाईंना त्यांच्या प्रत्येक पावतीसमोर जमेची तारीख लिहिलेला उतारा देण्यात आला.

शाखेचा क्रमांक 010 च राहिला, कारण तो एव्हाना पासबुकांवर छापला गेला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी उद्घाटनाच्या आदल्या रात्री हुकली. 008 चालत नाही आणि 010 चालतो, हे पाहिल्यावर ‘का’ असा प्रश्न विचारला गेला असता तर सगळे प्रकरण तिथेच उलगडले असते. त्या रात्रीची घाई मी समजू शकतो. पण ज्या चुकीचे कारण कळलेले नाही ती टळली असे मानून पुढे जाण्याची किंमत पुढचे दोन महिने खातेदारांनी मोजली.

किर्दीच्या कोष्टकात व्यवहार क्रमांक दुबार चालणार नाही एवढी एक अट असती, तर पहिल्याच दुबार नोंदीला डेटाबेसने नकार दिला असता. ती अट घालायला एक ओळ लागते. आम्ही ती सर्वांत शेवटी घातली. सर्वांत आधी घालायला हवी होती.

कोणता रकाना संख्या आणि कोणता मजकूर, हे ठरवण्याचे काम पुरवठादाराशी करार करतानाच व्हायला हवे होते. शाखा क्रमांकाची बेरीज कोणी करत नाही आणि खाते क्रमांकाला दोनाने कोणी भागत नाही, तेव्हा ती नावे आहेत, संख्या नव्हेत, आणि जेसनमध्ये ती अवतरणात यावीत. शाखा आणि खाते क्रमांक तसे येत होते ते निव्वळ नाइलाजाने, कारण जेसनमध्ये शून्याने सुरू होणारी संख्या लिहिणेच नियमबाह्य आहे. व्यवहार क्रमांकाला असे संरक्षण नव्हते. आमच्या पत्रानंतर पुरवठादाराने तोही अवतरणात पाठवायला सुरुवात केली.

याच अनुभवामुळे शाखांची यादी यामल या जेसनसारख्याच दुसऱ्या स्वरूपात ठेवण्याची सूचना आम्ही नाकारली. यामलच्या 1.1 या आवृत्तीचे नियम पाळणारी साधने अवतरणाशिवाय लिहिलेल्या 010 चे पुन्हा आठच करतात. पायथन 3 ने मात्र कोडमध्ये असा आकडा लिहिणे हीच व्याकरणाची चूक ठरवली आहे, आणि मला तोच मार्ग प्रामाणिक वाटतो: संदिग्ध असेल तिथे अंदाज न बांधता थांबावे.

आता रोज रात्री खरी फाइल येण्याआधी एक छोटी जेसन फाइल स्क्रिप्टमधून जाते. तिच्यात सुरुवातीला सहा नोंदी होत्या: आडनावात एकेरी चिन्ह असलेली, मोबाइल नसलेली, 010 शाखेची, अठरा अंकी व्यवहार क्रमांकाची, रद्दच्या रकान्यात शब्द असलेली, आणि संकेतांत लिहिलेल्या ‘वसंत’ची. सहाही बरोबर उतरल्या तरच पुढचे काम सुरू होते. रात्रपाळीचा कर्मचारी आता स्वतःच तिच्यात भर घालतो. मागच्या वेळी पाहिले तेव्हा नोंदी नऊ झाल्या होत्या.